पालकसभेत ‘तारे जमीन पर’ दाखवला आणि एक वडील रंगपेटी घेऊन आले

चौरेघी (प्रश्न):

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता आणि यंदा तीच मुले चौथीत माझ्याकडेच आली आहेत. वर्गातला एक मुलगा प्रश्नांची तोंडी उत्तरे सर्वांत आधी देतो, गोष्ट एकदा ऐकली की शेवटापर्यंत जशीच्या तशी सांगतो, पण पुस्तक समोर धरले की त्याचा घसा कोरडा पडतो. त्याच्या घरी वही फाडण्यापासून फोकाने मारण्यापर्यंत सारे उपाय करून झाले होते. म्हणून मी मुख्याध्यापकांना विनंती करून दिवाळीनंतरच्या पालकसभेत ‘तारे जमीन पर’ दाखवला. पावणेतीन तासांचा चित्रपट बघायला कोण थांबणार, अशी भीती होती, पण पालक थांबले आणि ‘माँ’ या गाण्याच्या वेळी तर मागच्या बाकांवरचे पुरुषही पदराआडच्या बायकांइतकेच गप्प झाले होते.

त्या मुलाचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले. यापुढे त्याला हात लावणार नाही, असे त्यांनी मला सांगितले आणि हा शब्द त्यांनी माझ्या माहितीप्रमाणे आजवर पाळला आहे. त्याच आठवड्यात त्यांनी त्याच्यासाठी चोवीस खड्यांची रंगपेटी आणि दोन चित्रकलेच्या वह्या आणल्या. तीन महिन्यांनी ते पुन्हा आले, तेव्हा त्या वह्या त्यांच्या हातात होत्या. पहिली चार पाने डोंगर, सूर्य आणि नारळाच्या झाडांनी भरली होती आणि पुढची सारी कोरी होती. ते म्हणाले, “बाई, चित्रंही येत नाहीत हो त्याला. मग ह्याच्यात आहे तरी काय?”

मला त्या क्षणी काही उत्तर सुचले नाही. चित्रपटातला वाचता-लिहिता न येणारा ईशान अवस्थी हा मुलगा शेवटी चित्रस्पर्धा जिंकतो, म्हणून वाचता न येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पोटात एखादी कला दडलेली असते, असा अर्थ त्यांनी घेतला आणि तो घेण्यात त्यांची काही चूक होती, असे मला वाटत नाही. यंदाच्या पालकसभेत चित्रपट पुन्हा दाखवावा, असे मुख्याध्यापक म्हणत आहेत. तो दाखवावा का, आणि दाखवलाच तर पालकांशी नेमके काय बोलावे? शिवाय त्यात ईशानच्या चुका बहुतेक इंग्रजी अक्षरांच्या दाखवल्या आहेत. मराठीत शिकणाऱ्या मुलाच्या वहीत हीच अडचण कशी ओळखावी, हेही जाणकारांनी सांगावे.

रानवाटा:

चौरेघीताई, चित्रपट अवश्य दाखवावा, असे माझे मत आहे, पण त्या वडिलांची तक्रार मी चित्रपटाच्या पदरात टाकीन, तुमच्या नव्हे. 21 डिसेंबर 2007 रोजी तो प्रदर्शित झाला, तेव्हा मी मुंबईत नोकरीला होतो आणि पहिल्याच आठवड्यात दोनदा पाहिला. मूळ कल्पना दीपा भाटिया यांची, लेखन अमोल गुप्ते यांचे आणि दिग्दर्शन आमिर खान यांचे. कुटुंबकल्याणावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. ज्या वसतिगृहाच्या शाळेत ईशानला पाठवले जाते, तिचे चित्रीकरण तुमच्याच जिल्ह्यात, पाचगणीला झाले आहे. पालकांना हे सांगितलेत तर ते अधिक जवळून बघतील.

माझे म्हणणे एवढेच आहे की, ईशानची चित्रकला ही चित्रपटाच्या शेवटी सापडलेली गोष्ट नाही. तो सुरुवातीपासून चित्रे काढतोच आहे, शाळेतून पळून दिवसभर मुंबई पाहून आल्यावर तो जे पाहिले तेच रंगवतो. वसतिगृहात गेल्यावर तो चित्र काढणे थांबवतो, आणि माझ्या मते सबंध चित्रपटातली सर्वांत भीतिदायक गोष्ट हीच आहे. तिथले चित्रकलेचे शिक्षक निकुंभ सर अवस्थींच्या घरी जातात तेव्हा त्यांच्या हाती एक वही लागते, जिची पाने भरभर उलटली की कुटुंबातला एक लहान मुलगा हळूहळू दूर जाताना दिसतो. ही वही पालकांना पुन्हा एकदा, थांबवून दाखवावी. तिच्यात कौशल्य किती आहे हे बघायचे नसून, बोलता न आलेले त्याने कशात सांगितले हे बघायचे आहे. तुमच्या वर्गातला मुलगा तेच काम तोंडाने गोष्ट सांगून करतो आहे, असे त्या वडिलांना सांगता येईल.

शेवटच्या स्पर्धेबद्दल मात्र मीही नाराज आहे. ईशानचा थोरला भाऊ योहान प्रत्येक विषयात पहिला येतो आणि टेनिसच्या सामन्यात हरतो, तेव्हा वडिलांचा चेहरा उतरतो. जिंकण्याच्या या हव्यासावर चित्रपट दोन तास टीका करतो आणि मग ईशानलाही एका स्पर्धेत पहिले आणूनच आपल्याला घरी सोडतो. ललिता लाजमी यांच्यासारख्या थोर चित्रकर्तीने परीक्षक म्हणून तेथे यावे आणि समीर मंडल यांची जलरंगातली चित्रे आपल्याला बघायला मिळावीत, हा आनंद निराळा. पण ईशान सातवा आला असता आणि तरी धावत निकुंभ सरांच्या कुशीत शिरला असता, तर तुमच्या त्या पालकांनी कदाचित रंगपेटी आणली नसती.

उंबरठा:

मी पुण्यात गेली अनेक वर्षे विशेष शिक्षिका म्हणून काम करते. या चित्रपटाने आमचे काम सोपे केले आणि अवघडही केले. सोपे अशासाठी की, पूर्वी ‘डिस्लेक्सिया’ (बुद्धी चांगली असूनही वाचणे-लिहिणे अवघड जाणे) हा शब्द उच्चारल्यावर पालकांना तो एखादा ताप वाटत असे आणि आता निदान “तो ईशानसारखा का?” असा प्रश्न येतो. अवघड अशासाठी की, त्या प्रश्नाला पुष्कळदा “नाही, अगदी तसा नाही” असे उत्तर द्यावे लागते.

सर्वांत आधी नाचणाऱ्या अक्षरांविषयी. ईशान वर्गात सांगतो की अक्षरे नाचत आहेत, आणि पडद्यावर ती खरोखर नाचतात. चित्रपटाला जे आत घडते ते डोळ्यांना दाखवावेच लागते, त्यामुळे ही क्लृप्ती मी समजू शकते. पण त्यामुळे डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष आहे, असा समज घरोघर रुजला आणि लोक मुलांना चष्म्याच्या दुकानात नेऊ लागले. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना अक्षर स्थिर आणि स्पष्ट दिसते. अडचण असते ती शब्दातले सुटे आवाज मनात वेगळे करण्याची आणि प्रत्येक आवाजाची त्याच्या खुणेशी पटकन गाठ घालण्याची. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते, असे विचारा. पुस्तक न उघडताच पुष्कळ कळते.

आता मराठीविषयी. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार असल्यामुळे मुलाच्या चुका चटकन उघड्या पडतात. मराठी बरीचशी जशी बोलतो तशी लिहिली जाते, म्हणून आपल्या मुलाची अडचण चुकांपेक्षा वेगात दिसते. तो वाचतो बरोबर, पण एकेक अक्षर दगड उचलल्यासारखे उचलतो आणि वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतो. अशा मुलाला शिक्षक “सराव कमी आहे” असा शेरा देतात आणि तो शेरा चौथीपर्यंत, कधीकधी दहावीपर्यंत, त्याची पाठ सोडत नाही.

त्याच्या वहीत मी काय बघते, तेही सांगते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांची गल्लत दिसते. ऱ्हस्व वेलांटीचा घोळ असतो, कारण ‘किती’ म्हणताना आधी ‘क’ ऐकू येतो, कागदावर मात्र वेलांटी त्याच्या डावीकडे उभी असते. ‘र’ तर आपल्या लिपीतला बहुरूपीच आहे. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ आणि ‘सुऱ्या’ हे चार शब्द फळ्यावर लिहून मुलाला त्यांतला ‘र’ दाखवायला सांगा, म्हणजे आपण सहा-सात वर्षांच्या मुलाकडून काय मागतो ते आपल्यालाच उमगेल. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांत ‘च’ एकच, उच्चार मात्र दोन. हे सारे इतर मुलेही काही काळ चुकतात, दुसरीपर्यंत अक्षर उलटे काढणे तर अगदी सामान्य आहे. काळजी करायची ती चुका तिसरी-चौथीतही तितक्याच राहिल्या आणि तोंडी समज व लेखी काम यांत मोठी दरी दिसू लागली, तर. ईशानही तिसरीतच दुसऱ्यांदा बसलेला आहे. साधारण आठव्या वर्षाच्या आधी आम्ही ठाम निदान करत नाही.

संख्यांचा एक वेगळा सापळा मराठीत आहे. ‘पंचेचाळीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि चाळीस नंतर, म्हणून मूल 54 लिहिते. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘चाळीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आणली, तेव्हा केवढी टिंगल झाली होती, ते अनेकांना आठवत असेल. विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका समजावून सांगितली, पण विनोदांच्या पावसात ती फारशी कोणी ऐकली नाही. मी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या मुलांना तसेच शिकवत आले आहे. तेवढ्यावरून कुणाला डिस्लेक्सिया आहे असे अर्थातच म्हणता येत नाही, गणिताच्या अडचणीचे नाव आणि तपासणी वेगळी असते.

चौरेघीताई, कोणताही शिक्का मारण्याआधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या, हजेरीपट बघा, आणि घरी कोणती भाषा बोलतात तेही विचारा. ऊसतोडीला आईबापांबरोबर चार-पाच महिने जाणारे मूल वाचनात मागे पडते, त्याला डिस्लेक्सिया म्हणणे हा त्याच्यावर दुहेरी अन्याय होईल. मुलगा या चाळणीतून पार पडला, तर त्याला तपासणीसाठी पाठवा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी भारतीय भाषांसाठी तयार केली आहे आणि ती मराठीतही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) समावेश झाला आहे. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, त्यासाठी शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. ते आयत्या वेळी, दहावीच्या दिवाळीत काढायला धावू नये.

आणि कलेविषयी. या अडचणीचे पहिले वैद्यकीय वर्णन म्हणून ज्याचा दाखला देतात, तो 1896 सालचा पर्सी नावाचा चौदा वर्षांचा इंग्रज मुलगा होता. प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी त्याच्याविषयी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले. पर्सी स्वतःचे नाव ‘प्रेसी’ असे लिहीत असे आणि ते चुकले आहे हे त्याच्या ध्यानातही येत नसे. शिक्षण सगळे तोंडी असते तर शाळेतला सर्वांत हुशार मुलगा हाच ठरला असता, असे त्याचे मास्तर म्हणत. त्या साऱ्या टिपणात पर्सी चित्रे काढत होता की गात होता, याचा उल्लेख नाही, आणि तो असण्याची गरजही नव्हती. चित्रपटात लिओनार्दो आणि आइन्स्टाइन यांची नावे येतात, ती ईशानला धीर द्यायला ठीक आहेत, पण हयातीत त्यांची कधी अशी तपासणी झालेली नाही, ती निदाने मागाहून चिकटवलेली आहेत. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांत चित्रे काढणारी मुले आहेत, न काढणारी आहेत आणि चित्रकलेच्या तासाला कंटाळणारीही पुष्कळ आहेत.

सडेतोड:

उंबरठाताईंचे म्हणणे अभ्यासपूर्ण आहे, पण आमच्या वेळी एका वर्गात साठ मुले असत, छडी असे, आणि तरीही सगळे वाचायला शिकले. आता प्रत्येक आळसाला एक नाव मिळाले आहे, असे वाटते. चित्रपटातला बाप वाईट दाखवला आहे, पण मुलाच्या काळजीनेच तो तसा वागतो, हेही बघावे.

कोयना:

सडेतोड साहेब, मी तुमच्या त्या साठांपैकी एक आहे, आणि मी शिकलो नाही. आम्ही सातवी-आठवीत गुपचूप शाळेतून बाहेर पडलो, त्यामुळे तुमच्या आठवणीत नसू.

हा मजकूर मी मोबाइलमध्ये बोलून लिहिला आहे आणि माझ्या मुलीने तो तपासला आहे. माझे कराडजवळ मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटरी जळून येतात, त्यांची तार काढून पुन्हा भरायची, हे माझे काम. कोणत्या खाचेत किती वेढे होते, हे मी जुनी गुंडाळी सोडताना बोटांनी मोजतो आणि ते मला दोन दिवस आठवते. पण गिऱ्हाइकाचे नाव पावतीवर लिहायची वेळ आली की हात थांबतो. पुष्कळ वर्षे मी नावाऐवजी खुणा करत असे. विहिरीवरच्या मोटरीला गोल, नदीवरच्या मोटरीला दोन लाटा, आणि उधारी असेल तर खाली एक काट. ही चित्रकला आहे असे कोणी म्हणाले तर मला हसू येईल.

शाळेत मला मठ्ठ म्हणत. शाळेचे नाव सांगत नाही, मास्तर आता नाहीत. त्यांनी माझी पाटी सगळ्या वर्गात फिरवली होती. तिच्यावर मी ‘भारत’ऐवजी ‘मारत’ लिहिले होते, आणि मग मारण्यावरून जे विनोद झाले ते अजून कानात आहेत. माझी आत्या मात्र संध्याकाळी भाकऱ्या थापताना माझ्या बहिणीला धडा मोठ्याने वाचायला लावायची आणि मी चुलीपाशी बसून ऐकायचो. इतिहासात मला जे थोडे मार्क मिळाले ते त्या भाकऱ्यांच्या पुण्याईने.

चित्रपट मी मुलीबरोबर फार उशिरा पाहिला. स्पर्धा वगैरे माझ्या लक्षात राहिली नाही. निकुंभ सर बापाच्या हातात परक्या लिपीतला मजकूर देतात आणि वाच म्हणतात, बापाला येत नाही, तर तू हे मुद्दाम करतोस म्हणून त्यालाच दटावतात, तेवढे मी तीनदा मागे घेऊन पाहिले. बाई, तुमच्या त्या पालकांना रंगपेटीबद्दल काही बोलू नका. ज्या माणसाने मारणे सोडले आणि पदरचे पैसे घालून काहीतरी आणले, त्याने चुकीचे दुकान गाठले एवढेच.

उंबरठा:

कोयनादादा, तुमच्या आत्यांनी जे केले, त्याला आज आम्ही मोठी नावे देतो. चौरेघीताई, पालकसभेत चित्रपटातला जो भाग थांबवून दाखवावा, असे मला वाटते, तो निकुंभ सर ईशानला शिकवतात तो आहे. ईशान वाळूत अक्षर गिरवतो, रंगाने मोठे अक्षर काढतो, मातीला आकार देतो, जिन्याच्या पायऱ्यांवर बेरीज-वजाबाकी करतो. डोळा, कान, हात आणि सारे अंग एकाच वेळी कामाला लावण्याची ही पद्धत सॅम्युएल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या कामातून गेल्या शतकाच्या पूर्वार्धात घडली, आणि आपल्याकडे धुळपाटीवर अक्षर गिरवणे तर त्याहून कितीतरी जुने आहे. चित्रपटात हे सारे गाण्यासारखे काही मिनिटांत उरकते. प्रत्यक्षात आठवड्यातून तीन-चार तास याप्रमाणे दोन-तीन वर्षे लागू शकतात, आणि त्यानंतरही मुलाचे वाचन संथच राहण्याची शक्यता असते. पालकांना आधीच हे सांगितले तर तीन महिन्यांनी कोणी कोरी वही घेऊन येणार नाही.

निकुंभ सर मुख्याध्यापकांकडे आणखी एक साधी मागणी करतात, ती कुणाच्या फारशी लक्षात राहत नाही. काही काळ ईशानची परीक्षा तोंडी घ्यावी आणि त्याच्या शुद्धलेखनाकडे काणाडोळा करावा, एवढीच ती मागणी आहे. आपल्या प्राथमिक शाळांत आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी कामाला जागा आहेच. त्यासाठी वेगळी परवानगी लागू नये.

चौरेघी:

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण मध्ये त्या मुलाबरोबर बसले होते. ‘कमळ’मधला ‘क’ काढल्यावर त्याने बराच वेळ विचार करून “कळ” असे सांगितले. त्याच्या गणिताच्या वहीत ‘चाळीस पाच’ असे म्हणत दहा संख्या लिहून घेतल्या, त्यांतल्या नऊ बरोबर आल्या. दहावी होती सत्तावीस, ती त्याने सवयीने 72 अशी लिहिली आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच खोडली. त्याची हजेरी चांगली आहे. कानांची तपासणी गावातल्या शिबिरात झाली आहे, डोळ्यांची पुढच्या बुधवारी आहे.

वडिलांना काल बोलावले होते. मुलाला वर्गातच ठेवून मी त्यांना परिसर अभ्यासाचा एक धडा वाचून दाखवला आणि बाहेर बसवले. मग मुलाला तोच धडा एकदा वाचून दाखवला आणि दोघांनाही तेच सात प्रश्न वेगवेगळे विचारले. वडिलांची चार उत्तरे बरोबर आली, मुलाची सहा. वडिलांनी दोनदा मोजून बघितली. रंगपेटी धाकट्या बहिणीला द्यावी का, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी म्हटले की त्यालाच विचारा. तो म्हणाला की हिरवा आणि निळा तेवढा माझ्याकडे राहू द्या.

पालकसभा येत्या शनिवारी आहे. चित्रपट दाखवणार आहोत, पण मध्ये दोन ठिकाणी थांबवून. उंबरठाताई, सहामाहीला दोनच आठवडे उरले आहेत. मुख्याध्यापकांनी तोंडी परीक्षेला होकार दिला आहे, पण नोंदवहीत तो शेरा कोणत्या शब्दांत लिहावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या शिक्षकांनाही तो उपयोगी पडेल, एवढे कृपया कळवावे.